जेवायला बोलावून

मुलगी सव्वा महिन्याची झाली त्याच आठवड्यात पहिला पाऊस पडला, आणि पावसामागोमाग आमच्या डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मुंग्या शिरल्या. लाल चावऱ्या नव्हेत, मुंगळेही नव्हेत. खसखशीच्या दाण्याला पाय फुटावेत इतक्या बारीक. ओट्याच्या काळ्या कडाप्प्यावर त्यांचं फिकट पोट तेवढं दिसायचं आणि पांढऱ्या टाइल्सवर चढल्या की काळं डोकं. कुठेही बघा, दिसायची ती अर्धीच मुंगी.

बाळंतिणीचं घर ते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तूप, गूळ, सगळं हाताशी. नवऱ्याने पहिल्याच रात्री दुकानातून फवाऱ्याचा डबा आणला आणि ओट्यामागच्या फटीत भरपूर मारला. सकाळी रांग नव्हती. तिसऱ्या दिवशी तीन रांगा होत्या : एक ओट्यामागून, एक मिक्सरच्या स्विचबोर्डातून, एक बाथरूमच्या चौकटीतून. चौथ्या दिवशी बाळाच्या मानेच्या वळीत, जिथे दूध ओघळून सुकतं तिथे, मला एक मुंगी दिसली.

माझं बाळंतपण करायला मावशी आली होती. आईची थोरली बहीण, वय 71, दापोलीजवळच्या गावात घर, काजूची थोडी झाडं. मी मायक्रोबायोलॉजीची, नऊ वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केलेली. त्या मुंगीवरून आम्हा दोघींचं जे बोलणं सुरू झालं ते पुढे दोन आठवडे चाललं. कधी ओट्याशी, कधी बाळ मांडीवर घेऊन, कधी रात्री दोन वाजता.

"बाय, आधी हे बाहेर ने," मावशी म्हणाली. फवाऱ्याचा डबा तिने दोन बोटांत धरला होता. "पोर याच हवेत श्वास घेतंय."

"नेते. पण नुसतं तेवढ्यासाठी नाही, मावशी. फवारल्यामुळेच त्या वाढल्यात."

"मारल्यावर वाढायला काय रक्तबीज आहे तो?"

"जवळजवळ तसंच. पावसात दिव्याभोवती पंख फुटलेल्या मुंग्या येतात ना, त्यातल्या राण्या उडून जातात आणि एकेकटी नवं घर करतात. ह्या बारीक जातीच्या राण्या तशा उडून संसार थाटत नाहीत. एकाच वारुळात पुष्कळ राण्या, लग्नं घरातच. विषाचा वास आला, बाहेर गेलेल्या मुंग्या परतेनाशा झाल्या, की एखादी राणी काही कामकरी घेऊन चालत निघते. अंडी, अळ्या तोंडात धरून. आणि पलीकडच्या फटीत नवं बिऱ्हाड. आपण एकाची तीन केली."

मावशी स्विचबोर्डाकडे बघत राहिली. "बिऱ्हाड त्या विजेच्या डब्यात?"

"उबदार असतं आत. त्यांना वारूळ खणायला मातीच लागते असं नाही. भिंतीतली चीर, टाइलमागची पोकळी, कपाटातल्या रद्दीची घडी, काहीही चालतं."

"मग ते वारूळ कसलं? बेघरच त्या."

त्यांची जात ओळखता आली ती मावशीमुळे, आणि तेही तिने नकळत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फडक्याने ओटा पुसत होती. एक मुंगी बोटावर चढली, तिने ती चिमटीत चिरडली आणि सवयीने बोट नाकाशी नेलं.

"शी! खवट खोबरं."

"काय म्हणालीस?"

"घे, वास घे. पावसाळाभर डब्यात राहिलेल्या खोबऱ्याच्या वाटीला येतो तस्सा."

मी वास घेतला. तोच. प्रयोगशाळेत मला भिंगाखाली अर्धा तास गेला असता. चिरडल्यावर खवट खोबऱ्यासारखी घाण येणारी, काळ्या डोक्याची, फिकट अंगाची, दीड मिलिमीटरची मुंगी म्हणजे टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम. फॅब्रिशियस या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाने 1793 मध्ये तिचं वर्णन केलं. नावाचा अर्थच काळ्या डोक्याची. इंग्रजीत तिला भूत-मुंगी म्हणतात, अर्धी दिसते आणि अर्धी दिसत नाही म्हणून. तिची दुसरी सोबतीण फारो मुंगी, पिवळसर, जेमतेम दोन मिलिमीटरची. तीही अशीच पुष्कळ राण्यांची आणि तीही अशीच फुटून वाढणारी. स्वयंपाकघरातल्या बारीक मुंग्यांबद्दल ज्याला काही करायचं आहे त्याने पहिल्यांदा हे बघावं. कारण एका राणीच्या मोठ्या वारुळाला जो उपाय चालतो तो इथे उलटतो.

"ओळख पटली ना," मावशी म्हणाली. "आता मी सांगते तसं कर. फडकं, साबण, आणि पाणी. बाकी काही नको."

तिची पद्धत जुनी होती आणि तिच्यामागे पक्कं शहाणपण होतं. मी ते नाकारत नव्हते. मुंगी चालते ती पोटाशी असलेल्या ग्रंथीतून वासाची रेघ ओढत, आणि मागची त्या रेघेवरून येते. नुसत्या ओल्या फडक्याने ती रेघ पुरती जात नाही, साबणाच्या पाण्याने जाते. मावशीने हळदीची रेघही ओढून पाहिली. मुंग्या तिच्या कडेने फिरून गेल्या आणि दमट हवेत दुसऱ्या दिवशी हळदीचा लगदा झाला. तिने तो स्वतःच पुसून टाकला. शेजारच्या काकूंनी बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवायला सांगितलं तेव्हा मात्र मी घाईने नको म्हटलं. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक विकर कमी असतं, जी-सिक्स-पीडी नावाचं, आणि त्यांच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वाफेने फुटतात. आपलं बाळ त्यातलं आहे की नाही हे बहुतेक घरांत कुणी तपासलेलं नसतं.

मावशीचा खरा भरवसा पाण्यावर होता. तिच्या माहेरी दुभत्याच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या दगडी वाट्यांत असत. इथे तिने चार स्टीलच्या वाट्या शोधल्या आणि बाळाच्या पलंगडीचे पाय त्यांत ठेवले. लाडवांचा डबा परातीत, परातीत पाणी.

"मावशी, ह्या वाट्यांत डेंग्यूचे डास होतील."

"चार बोटं पाण्यात?"

"त्यांना तेवढंच लागतं. स्वच्छ, साठलेलं, घरातलं. मुंग्यांसाठी कपाटाखाली ठेवलेल्या वाट्या हे एडिस डासाचं आवडतं ठिकाण आहे. आठवडाभरात अंड्याचा डास होतो."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने क्षणभर विचार केला आणि मिठाची बरणी उचलली. "आमच्याकडे मीठ घालायचे वाटीत. का, ते कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं पाण्याला घाण येऊ नये म्हणून." मूठभर मीठ चार वाट्यांत वाटलं गेलं. वर मी एक अट घातली : दर शनिवारी पाणी ओतून द्यायचं आणि वाट्या आतून घासायच्या, कारण डासाची अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. एवढ्यावर आमचं पूर्ण एकमत झालं. पुढे तसं फार वेळा झालं नाही.

कारण पाण्याने पलंगडी वाचत होती, मुंग्या कमी होत नव्हत्या. मावशी दिवसातून सहा वेळा ओटा पुसायची आणि दर वेळी फडक्यावर शेदोनशे मुंग्या असायच्या. मी तिला म्हटलं, बाहेर दिसतात त्या वारुळातल्या थोड्याच. आत राण्या अंडी घालतायत तोवर हे संपणार नाही. आपल्याला आमिष ठेवायला हवं.

"कसलं आमिष?"

"100 मिलिलिटर पाणी, 10 ग्रॅम साखर, 1 ग्रॅम बोरिक ॲसिड. याहून कडक करायचं नाही. कडक केलं तर त्या तोंड लावत नाहीत, किंवा वाटेतच मरतात. एवढं सौम्य असलं की पोटात भरून घरी नेतात. मुंगीला दोन पोटं असतात, मावशी. पुढचं पोट तिचं नसतंच, दुसऱ्यांसाठी असतं. त्यात भरून आणलेलं ती तोंडाला तोंड लावून बाकीच्यांना पाजते. दाईंना, अळ्यांना, राणीला. चार-सहा दिवसांत ते सगळीकडे पोचतं."

मावशीच्या मांडीवर बाळ होतं. तिने त्याचं दुपटं नीट केलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

"म्हणजे जेवायला बोलावून मारायचं," ती म्हणाली.

"मावशी—"

"नाही, ऐक. मी मारत नाही असं नाही. मी सकाळपासून किती मारल्या देव जाणे. पण मी समोरून मारते. फडकं दिसलं की ती पळते, वाचली तर वाचली. तू काय करतेस? तिच्यापुढे साखर ठेवतेस. ती बिचारी स्वतः खात नाही म्हणतेस, घरी नेते. पोरांना भरवते. स्वतःच्या तोंडाने." तिने बाळाकडे बघितलं. "हे पोर मांडीवर घेऊन तू मला हे सांगतेस आणि मी ऐकते. मला नाही गं सोसत."

तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि मी त्याला पाजायला घेतलं. त्या संध्याकाळी मी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आमिषाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं : किती टक्के, किती दिवस, कुठे ठेवावं. हा उपाय मुंगीच्या वाटून खाण्याच्या स्वभावावरच बेतलेला आहे हे मला ठाऊक होतं आणि त्याचं मला कौतुकच वाटत आलं होतं. ह्याला विश्वासघात म्हणता येईल हे मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हिशोब मांडायला गेले. रोज हजार मुंग्या फडक्याने मारायच्या, महिनोन्‌महिने, की एकदाच—

"आकडे नको सांगू," मावशी म्हणाली. "आकड्याचं मी बोललेच नव्हते."

मग मी तिला रुग्णालयातली गोष्ट सांगितली. ती मी घरात कुणाला सांगितली नव्हती. मी जिथे काम करत होते तिथे नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात एका बाळाच्या हातावरची सलाइनची चिकटपट्टी बदलताना पट्टीखाली मुंग्या निघाल्या. फारो मुंग्या. ओल आणि साखर, दोन्ही तिथे. सिस्टरनी एक मुंगी बाटलीत धरून आमच्याकडे पाठवली. मी ती जंतू वाढवायच्या बशीत सोडली. ती बशीभर चालली, मी तिला काढलं आणि बशी उबवायला ठेवली. दुसऱ्या दिवशी ती ज्या वाटेने चालली होती त्या वाटेवर जंतूंच्या ठिपक्यांची रांग उगवली होती, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. ब्रिटनमधल्या रुग्णालयांतल्या फारो मुंग्यांच्या अंगावर रोगजंतू सापडल्याचं एस. एच. बीट्सन यांनी 1972 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. ते मी शिकताना वाचलं होतं. वाचणं वेगळं, ती बशी हातात धरणं वेगळं.

"मग काय केलंत?" मावशीने हळू विचारलं.

"व्यवस्थापनाने फवारणी करवून घेतली. आठवड्याने मुंग्या शेजारच्या दोन खोल्यांत निघाल्या. शेवटी आमिष ठेवलं, तेव्हा गेल्या."

"बाळ?"

"बरं झालं. घरी गेलं."

तिने सुटकेचा श्वास सोडला. मला वाटलं, आता ती हो म्हणेल. पण ती उठली, पाणी प्यायली आणि स्वतःची गोष्ट सांगायला बसली.

ती 13 वर्षांची असताना तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, भाताच्या कणगीभोवती आणि चुलीमागे पांढरी पावडर पसरली होती. गॅमेक्सिन. बाजारातल्या दुकानदाराने पुडीत बांधून दिली आणि सांगितलं, मुंग्या, झुरळं, पिसवा, सगळं जातं, माणसाला काही होत नाही. मुंग्या खरंच गेल्या. मावशी रोज सकाळी चुलीपुढचं सारवण करायची ते हातानेच, पावडरीसकट. पंधरा दिवसांनी अंगणातल्या कोंबड्या एकेक करून फिरक्या घ्यायला लागल्या आणि मेल्या. आजी म्हणाली, साथ आली. मावशी म्हणाली, पावडर. पोरीचं कोण ऐकणार.

"तू बरोबर होतीस," मी म्हटलं. "त्या पावडरीत बीएचसी असायचं. आपल्याकडे त्याच्यावर 1 एप्रिल 1997 पासून बंदी आली. त्यातला जो खरा मारणारा भाग, लिंडेन, त्याचा वापर बंद व्हायला 2013 उजाडलं. 2009 मध्ये स्टॉकहोम कराराने जगभरासाठी तो बंदीच्या यादीत घातला, मगच. त्याचा अंश जमिनीत, दुधात, चरबीत वर्षानुवर्षं राहतो."

"म्हणजे मला कळल्यावर तीस वर्षांनी सरकारला कळलं."

"हो."

"आणि तुझं हे बोरिक? ते तर आम्ही डोळे शेकायला वापरलं. तान्ह्यांच्या अंगालाही लावायचे, पुरळ आलं की. कॅरमवर टाकायची तीच ना पावडर?"

"तीच. आणि तान्ह्यांना लावायचे ते चूकच होतं. सोललेल्या कातडीतून ते आत जातं. त्यानं बाळं दगावली आहेत, म्हणून ते बंद झालं."

मावशीने माझ्याकडे सरळ बघितलं. "म्हणजे तेव्हाही कुणीतरी म्हणालं असणार, माणसाला काही होत नाही."

हे मी कधीच विसरणार नाही. तिने माझ्याशी वाद जिंकायला हे म्हटलं नव्हतं. तिला खरोखर भीती वाटत होती, आणि त्या भीतीमागे तेरा वर्षांच्या मुलीचे पावडर लागलेले हात होते. बोरिक आणि लिंडेन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मी तिला समजावू शकले असते. एक ग्रॅम बोरिकचं, बंद बाटलीत, टोचून केलेल्या बारीक भोकामागे ठेवलेलं आमिष आणि हवेत उडवलेलं कीटकनाशक, यांत बाळाच्या दृष्टीने पहिलं पुष्कळ बरं, हे मी आजही म्हणेन. पण 'काही होत नाही' हे शब्द मी तिच्यासमोर पुन्हा उच्चारले नाहीत. त्याऐवजी आम्ही अटी ठरवल्या. पावडर कुठेही भुरभुरायची नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहायचं. उरलेलं पाणी घरात ठेवायचं नाही. आणि बाटली स्वयंपाकघरात नको. ही शेवटची अट तिची होती. "जिथे नैवेद्य शिजतो तिथे विषाचं ताट मांडायचं नाही. मांडायचंच असेल तर त्यांच्या दारात मांड."

त्यांचं दार कुठे, हेही तिनेच शोधलं. मी आठवडाभर रांगेचं तोंड बघत होते : साखर, लाडू, ओट्याची कड. मावशी एका पहाटे चहाचा कप घेऊन रांगेच्या उलट्या दिशेने निघाली. ओट्यामागून खिडकीच्या चौकटीत, तिथून ग्रिलवर, ग्रिलवरून एका फांदीवर. फांदी आमच्या जास्वंदीची. कुंडी मीच लग्नानंतर आणलेली, आणि बाळंतपणाच्या धावपळीत तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

"इकडे ये. ह्यांचा गोठा बघ."

जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापसासारखा थर होता. पिठ्या ढेकूण. झाडाचा रस पिऊन ते मागून गोड चिकटा सोडतात, आणि मुंग्या मिशांनी त्यांना थोपटून तो चाटत होत्या. त्या राखणही करतात. ढेकणांना खायला आलेल्या किड्यांना हुसकतात. जाणाऱ्या-येणाऱ्या मोजल्या तर निम्म्याहून जास्त रहदारी स्वयंपाकघराकडे नव्हती, कुंडीकडे होती. आम्ही ओटा पुसत बसलो होतो आणि त्यांची मुख्य चूल खिडकीबाहेर पेटलेली होती.

"आमच्या काजूवर उलटं," मावशी म्हणाली. "तिथे ओंबील असते, तांबडी, पानं शिवून घरटी करणारी. ती असली की काजूला ढेकण्या कमी लागतो. काढायला चढलं की डसून फोडून काढते, पण कुणी तिला जाळत नाही. मुंगी कुठे कामाची, कुठे नाही, हे झाड बघून ठरतं."

त्या दिवशी तिने साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून एकेक शेंडा पुसला, सगळ्यात भरलेल्या दोन फांद्या छाटल्या आणि कुंडी ग्रिलपासून हातभर लांब सरकवली. स्वयंपाकघरातली रांग दोन दिवसांत निम्मी झाली. माझ्या बाटलीला अजून हातही लागला नव्हता. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण बारीक मुंग्यांवरचा पहिला उपाय म्हणून मी यापुढे कुणालाही आमिष सांगणार नाही. आधी रांगेचं शेपूट धरून चालत जा. गळका नळ, खिडकीतली कुंडी, टाइलमागची ओल, काही ना काही सापडतं. फट दिसली तर पांढऱ्या सिमेंटने बुजवा, पण मुंग्या गेल्यावर. आधी बुजवली तर त्या दुसरीकडून निघतात.

उरलेली निम्मी मात्र उरलीच. स्विचबोर्डातलं बिऱ्हाड हलेना. आणि बाळाच्या दुपट्यावर पुन्हा दोन मुंग्या सापडल्या. तेव्हा मावशी स्वतः म्हणाली, "ठेव तुझी बाटली."

बाटली खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवली, पण स्विचबोर्डातल्या मुंग्यांना तिचा पत्ता कोण देणार? मला रिचर्ड फाइनमन आठवले. हे भौतिकशास्त्रज्ञ प्रिन्स्टनला शिकत असताना त्यांच्या खाऊच्या कपाटात मुंग्या शिरल्या. त्यांनी एकही मारली नाही. मुंग्या खोलीत शिरत त्या जागेपासून वीतभर अंतरावर साखर ठेवली, आणि कपाटाकडे जाणारी किंवा तिथून परतणारी जी मुंगी कागदाच्या पट्टीवर चढेल तिला उचलून साखरेवर नेऊन सोडायचं, एवढंच करत राहिले. मुंग्यांनी साखरेपासून बिळापर्यंत नवी वाट पाडली, जुनी वापराविना सुकली. तासाभरात कपाट मोकळं झालं. मी मावशीला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला.

"बघ! त्या माणसाने साखर दिली आणि साखरच दिली."

मी गप्प बसले. मग आम्ही दोघींनी दुपारभर, बाळ झोपलं होतं तोवर, वहीच्या कागदाच्या पट्ट्यांवर मुंग्या चढवल्या आणि खिडकीबाहेर नेऊन बाटलीच्या तोंडाशी उतरवल्या. मावशीची बोटं माझ्यापेक्षा स्थिर होती. तिने माझ्याहून जास्त मुंग्या नेल्या. तिला ते नको होतं आणि तरी तिने ते केलं, आणि ते करताना ती एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी कठड्यावर काळ्या डोक्यांची झुंबड होती. मावशीने फडकं हातात घेतलं.

"आज पुसू नकोस," मी तिचा हात धरला. "आज त्यांना येऊ दे. पुसलंस तर घरी पोचणार नाही."

ती फडकं घेऊन तशीच उभी राहिली. मग ते नळाखाली धुतलं, पिळलं आणि वाळत टाकलं. त्या रात्री तिने खिडकीचं दार लावून घेतलं, एवढ्या उकाड्यात.

तिसऱ्या दिवशी गर्दी ओसरली. मी बाटलीतलं पाणी बदललं, कारण साखर आंबली की त्या येत नाहीत. सहाव्या दिवशी स्विचबोर्डातून एकेक मुंगी निघायची, वाट चुकल्यासारखी गोल फिरायची. नवव्या दिवशी ओटा स्वच्छ होता. दोन दिवस आणखी थांबून बाटली काढली, कागदात गुंडाळून टाकली, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्ड उघडला. आत वायरींमागे करड्या धुळीसारखं काहीतरी होतं. त्याने फुंकर मारली आणि ते उडालं.

मावशी बाळाच्या तिसऱ्या महिन्यात गावी गेली. जाताना पलंगडीच्या पायाखालच्या वाट्या काढू नकोस म्हणाली. मी काढल्या नाहीत. परवा तिचा फोन आला, तेव्हा मी उत्साहाने सांगितलं, "मावशी, पंचेचाळीस दिवस झाले, एकही नाही. गेल्या."

"गेल्या म्हणू नको, बाय. मारल्या म्हण."

"मारल्या," मी म्हटलं.

"हं." पलीकडे काजूच्या झाडांवर पाऊस वाजत होता. "आज शनिवार ना? वाट्या घासल्यास?"